नानांकडे पाय

आमच्या घरात झोपताना पाय कुठे करायचे हा मोठा प्रश्न होता. जळगावात मेहरूणला तेव्हा आमच्या दोनच खोल्या. पूर्वेच्या भिंतीला देव्हारा. पश्चिमेला माझ्या सासऱ्यांची, म्हणजे नानांची, खाट. उत्तरेला फडताळात पुस्तकं आणि त्याच्या खाली ज्वारीची कोठी, म्हणजे सरस्वती आणि लक्ष्मी एकाच भिंतीला. दक्षिणेकडे कुणाचे पाय करतात ते सांगायला नको. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या महिन्यात मी दोन गोष्टी शिकले: भरताची वांगी काडीकचऱ्यावर भाजायची आणि तिरकं झोपायचं. दोन्ही अजून चांगल्या जमतात.

हर्षला, माझी मुलगी, तर या घरातच वाढलेली. नीट बोलायला लागायच्या आधी ती नमस्कार करायला लागली. पाय लागला की हात खाली, मग छातीला. माणसालाच असं नाही. सुपाला, केरसुणीला, एकदा शेजारच्या कुंदाबाईंच्या झोपलेल्या मांजराला. पुढे पुढे पाय लागायचीही गरज उरली नाही. नुसता नानांच्या दिशेला गेला तरी तिचा गुडघा आपोआप दुमडायचा. नानांनी तिला कधी हटकलं होतं असं नाही. ते रागावणारे नव्हतेच. जन्म धरणगावचा, उमेदीची वर्षं जळगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून गेलेली, आणि यंत्रांच्या आवाजात इतकी वर्षं काढल्यामुळे हळू बोलणं म्हणजे काय हे विसरलेले. आमचे हे एसटीच्या डेपोत, दोन शब्दांवर तिसरा न बोलणारे. घरातलं सगळं बोलणं नाना आणि हर्षू या दोघांच्या वाट्याचं. ते अहिराणीत, ती शाळेच्या मराठीत, आणि दोघंही एकमेकांचं अर्धंच ऐकून पुढे जायचे.

अठ्ठ्याऐंशी साली हर्षूच्या शाळेत खेळाला नवीन सर आले. पंडित हे त्यांचं नाव. आडनाव पाटील, पण जळगावच्या शाळेत पाटील सर अशी हाक मारली की निम्मी स्टाफरूम वळून बघते, म्हणून सगळे पंडित सरच म्हणत. ते पुण्याला कुठल्याशा शिबिराला जाऊन आले होते आणि येताना शाळेसाठी चार चाकांचे चार जोड बूट मंजूर करून आले होते. बूट म्हणजे लोखंडी पट्टी, खाली चाकं, वर चामड्याचे पट्टे. ते शाळेच्या कपाटात कुलपात असत. सर स्वतः त्यांवर उभे राहिले की एका हाताने भिंत धरत. पण सांगत इतकं सुंदर की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाने आयुष्यात जमिनीवर पाऊलच टाकलं नसेल.

अकरा वर्षांची माझी पोर, शाळेतल्या आणखी तिघींबरोबर, त्यांच्या हाताला लागली. लहानपणी ती कुठे नीट उभी राहायची नाही, सारखी दारात लोंबकळलेली. चाकांवर मात्र सरळ राहायला लागली.

जागेचा प्रश्न नानांनी सोडवला. होळीनंतर जिनिंगचा हंगाम संपतो आणि दसऱ्याच्या मुहूर्तापर्यंत कापूस रचायचा तो भला मोठा सिमेंटचा ओटा नुसता पडून असतो. नाना गेले आणि तिथल्या राखणदाराला, वना आबांना, सांगून आले.

“काय करतीन पोरी आठे?” वना आबांनी विचारलं असेल.

“चाकं लावीसन फिरतीन,” नानांनी सांगितलं असेल.

ते एवढ्यावर कसं पटलं माहीत नाही, पण पटलं. पहिल्या दिवशी पोरींनी ओटा झाडला तेव्हा फटींतून सुपलीभर सरकी निघाली. एक दाणा चाकाखाली आला की पोर तोंडावर. झाडायचं काम त्या मग देवळाच्या गाभाऱ्यासारखं करायला लागल्या.

श्रावणात सरांनी ‘स्पायरल’ काढलं. रविवारी कुंदाबाईंच्या टीव्हीवर बर्फावरच्या बायका असं करताना आम्ही पाहिल्या होत्या, पण त्याला नाव असतं हे माहीत नव्हतं. सर खडू घेऊन ओट्यावर बसले आणि त्यांनी एक भली मोठी जिलबी काढली. बाहेरून सुरू होणारी, फिरत फिरत आत येणारी.

“या रेघेवरून जायचं. एका पायावर. दुसरा पाय मागे, कमरेच्या वर. गुडघा सरळ. छाती पुढे, हात पक्ष्यासारखे. आणि हनुवटी वर. खाली पाहिलंत की खाली गेलात.”

“आणि थांबायचं कधी?” हर्षूने विचारलं.

“मी सांगेन तेव्हा.”

आठवडाभर सगळ्या पडल्या. मग तीन पोरी कंटाळल्या आणि हर्षू उरली. एका संध्याकाळी मी तिला आणायला गेले तर ती त्या जिलबीवरून येत होती. पाय मागे, इतका वर की माझा हात तोंडाला गेला. चाकांची घरघर सोडली तर आवाज नाही. माझ्या पोटची पोर, आणि मला ती ओळखूच येईना. माझ्यासमोर येऊन पाय खाली घेऊन म्हणाली, “आई, भूक लागली,” तेव्हा ओळख पटली.

कुंदाबाईंना हे कळल्याशिवाय कसं राहील! त्यांनी अंगणातूनच सुरू केलं. “सुमन, पोरीला टांग वर करायला पाठवतेस म्हणे? चारचौघांत?”

“खाली पायघोळ विजार शिवलीय मी तिला, कुंदाबाई. दिसत काहीच नाही.”

“दिसायचा प्रश्न नाही व माय. लग्नाच्या पोरीने...”

“आक्का,” नाना खाटेवरून ओरडले, “तुन्ही म्हैस रोज लाथ मारस, तिले कोन काय म्हनस का?”

कुंदाबाई आत गेल्या. म्हशीचा विषय निघाला की त्या हळव्या होत.

मग नानांनी ठरवलं की आपणही बघायला जायचं. धुतलेलं धोतर, इस्त्रीची टोपी, हातात काठी. वना आबांनी ओट्याच्या कडेला लोखंडी खुर्ची मांडली. हर्षूने लांबून हात हलवला, वेग घेतला, आणि जिलबीच्या पहिल्या वळणावर तिचा पाय वर गेला. तोवर नाना तिच्या समोर होते. ती वळत गेली तसे ते बाजूला आले, मग मागे. आणि पाय जसा खुर्चीच्या रोखाने आला तसा मध्येच मोडल्यासारखा दुमडला, उजवा हात खाली गेला, आणि पोर सिमेंटवर.

नाना उठून उभे राहिले. “पडनी ते उठ. कसाले रडस? काय व्हयनं?”

“रडत नाहीये,” हर्षू म्हणाली. कोपरातून रक्त येत होतं.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच, त्याच जागी. पंडित सरांनी चाकं फिरवून बघितली, पट्टे बघितले, जमीन हाताने चाचपली. मग तिच्याजवळ उकिडवे बसले.

“काल तर वारा होतीस. आज काय झालं?”

ती हळूच म्हणाली, “सर, नानांकडे पाय जातो.”

“मग जाऊ दे की.”

“जात नाही.”

“अगं, तो खेळ आहे. त्यात कुणाचा अपमान नसतो. नियमच आहे तसा.”

हर्षूने थोडा विचार केला. “सर, तुमचे आबा बसले असते तर तुम्ही केला असता?”

सरांचे आबा, म्हणजे वडील, चाळीसगावकडचे जुने शेतकरी, मिशा पार कानापर्यंत. ते त्या खुर्चीवर बसलेत असं सरांनी मनात आणून बघितलं असावं.  उठून जिलबीच्या पुसट झालेल्या रेघा पुन्हा खडूने ठळक करत बसले.

त्या दिवसापर्यंत तिला हे सुचलं नव्हतं. सुचलं आणि पसरलं. स्पायरल ही चीजच अशी की पाय एकदा वर गेला की तो गावभर फिरून येतो. एक दिशा टाळून चालतच नाही. दुसऱ्या दिवशी नाना आले नाहीत, तरी वना आबांकडे पाय जातोय हे तिच्या लक्षात आलं. वना आबा बिचारे फाटकाबाहेर जाऊन बसले. मग भिंतीपलीकडे मारुतीच्या देवळाचा झेंडा दिसायला लागला. मग सर. “मी तुझा गुरू आहे हे पाच मिनिटं विसर,” असं सर काकुळतीला येऊन म्हणाले, पण असं सांगितल्यावर कोण विसरतं?

आणि याच आठवड्यात पत्र आलं की धुळ्याला विभागीय स्पर्धा आहे, कोजागरीनंतरच्या रविवारी. जळगावातून एकच नाव गेलं होतं, हर्षूचं. त्यात स्पायरल करावंच लागणार होतं, त्याच्याशिवाय बाकीचं सगळं वाया.

हर्षूला धुळ्याला जायचं होतं. तिला नुसतं जायचं नव्हतं, तिला नानांना घेऊन जायचं होतं. नानांना ते दिसावं एवढीच तिची हौस. वर्गातल्या पोरींना, शिक्षकांना, मला काय वाटतं याची तिला फारशी पर्वा नव्हती. तिच्या प्रत्येक गोष्टीला पहिला प्रेक्षक नानाच लागे, पार पहिला दात पडला तेव्हापासून. आणि नेमकं त्यांच्यासमोरच तिला हे येत नव्हतं. जेवताना ती ताटातली भाकरी नुसती कुस्करत बसायची.

नानांनी मनावर घेतलं. आधी त्यांनी परवानगी दिली. खाटेवर ताठ बसून, मोठ्याने.

“मी सांगस तुले. मन्हाकडे पाय गया ते जाऊ दे. मी काय मारोती शे का?”

“बरं नाना,” ती म्हणाली. तिथेच घरात, पडदा धरून, तिने पाय मागे उचलून बघितला. गुडघा दुमडला.

“ते मी तुन्हाकडे पाय करस. मंग फिटंफाट.”

नाना खाटेवर आडवे झाले, हर्षूकडे तळवे करायला निघाले, आणि अर्ध्यावर थांबले. पाय लांब करता येईनात. त्यांच्या लेखी ती घरातली लेक, आणि लेकीकडे पाय करायचे नाहीत हे त्यांच्याही हाडात होतं. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, चादर ओढून घेतली, चादरीखालून करून बघितला. मी चुलीकडे तोंड करून हसत होते आणि तिकडे दोघंही गंभीर.

नवरात्रात त्यांना शेवटचा उपाय सुचला. अष्टमीला आम्ही कुमारिका जेवू घालतो. आजवर बाहेरच्या पोरी बोलवायचो. या वर्षी नाना म्हणाले, घरची पोर असताना बाहेर कशाला? पाटावर हर्षूला बसवलं. नानांनी स्वतः परात घेतली, तिचे पाय कोमट पाण्याने धुतले, पंच्याने पुसले, कुंकू लावलं, आणि टोपी काढून त्या पायांवर डोकं टेकवलं.

“आते सांग,” वर बघत ते म्हणाले. “ज्या पायले मी डोकं लावं, तो मन्हाकडे फिरना ते काय पाप लागी?”

मला वाटलं, जमलं. हर्षूचे डोळे भरले होते. ती म्हणाली, “नाना, आता तर हा देवीचा पाय झाला. तो आता कुणाकडेच कसा करायचा?”

नानांनी परात उचलली आणि पाणी तुळशीला घालायला गेले. बराच वेळ आले नाहीत.

दसऱ्याला जिनिंगचा मुहूर्त झाला. पहिली गाडी आली, बैलांना ओवाळलं, नारळ फुटला, आणि बघता बघता आमच्या जिलबीवर कापसाचा डोंगर चढला. सराव संपला. शाळेच्या व्हरांड्यात चार ढांगा टाकेपर्यंत भिंत यायची.

कोजागरीच्या दिवशी नाना म्हणाले, “मी धुयाले नही येस. मन्हा गुडघा दुखस. तुम्ही जा.”

नानांचा गुडघा कधी दुखला नव्हता. हर्षूला ते माहीत होतं, मला माहीत होतं, नानांनाही माहीत होतं.  हर्षू म्हणाली, “बरं.” पण त्या दिवसापासून तिने नानांकडे चाकांचा विषय काढला नाही. रविवारी पहाटे नाना आम्हाला स्टँडवर सोडायला आले, आणि गाडी हलली तेव्हा ती मागच्या काचेतून बघत राहिली. पारोळा मागे पडेपर्यंत ती मान पुढे वळवेना.

धुळ्याला एका मोठ्या शाळेच्या पटांगणात स्पर्धा होती. मध्ये गुळगुळीत सिमेंटचा चौक, चारी बाजूंनी मंडप. उद्घाटनाला कुठल्या तरी सोसायटीचे चेअरमन येणार होते आणि त्यांच्याबरोबर दोन ट्रकभर माणसं आली होती. शिवाय बाजाराला आलेली खेड्यावरची मंडळी फुकटचा खेळ म्हणून आत शिरलेली. मी चारी बाजूंच्या खुर्च्यांच्या रांगा बघितल्या. सगळ्या पांढऱ्या टोप्या. पांढरा सदरा, पांढरं धोतर, टोपी. ओळीने नानाच नाना.

पंडित सरांच्याही ते लक्षात आलं. “वहिनी,” ते कुजबुजले, “हिला डोळे मिटून करायला सांगू का?”

“भिंतीवर जाईल ना सर.”

“ते आहेच.”

आणि तेवढ्यात मला ते दिसले. पूर्वेच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत, दोन जाड माणसांच्या मध्ये अंग चोरून. आमच्या मागची गाडी धरून आले असणार. इतक्या टोप्यांत आपण कुणाला ओळखू येणार नाही असा त्यांचा हिशोब. टोपी सारखीच होती, पण आमच्या घराण्याचे कान टोपीत मावत नाहीत. मी पाहिलंय हे त्यांना कळलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

हर्षूचं नाव पुकारलं. ती चौकाच्या मध्ये येऊन उभी राहिली. निळा फ्रॉक, मी शिवलेली विजार, दोन वेण्या वर बांधलेल्या. तिने चारी बाजूंना पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, भुवया उंचावून. प्रश्न स्पष्ट होता: नाना आलेत का?

खरं सांगावं तर ती पडणार. खोटं सांगावं तर ते तिला माझ्या तोंडावर लगेच दिसतं. मी पदर नीट करायच्या निमित्ताने खाली बघितलं. बस, तिला कळायचं ते कळलं. आलेत. कुठे बसलेत ते मात्र कळलं नाही.

कॅसेट सुरू झाली. पहिली वळणं, उलटं जाणं, छोट्या उड्या, सगळं बरं चाललं होतं. चेअरमन साहेब पान लावत होते. मग ती कडेने वेग घेऊन आली आणि मी माझ्या शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरला.

पाय वर गेला. कमरेच्या वर. उत्तरेच्या टोप्यांवरून फिरला, पूर्वेला आला. मी नानांकडे बघू की पोरीकडे! गुडघा दुमडला नाही. तिसऱ्या रांगेवरून तो पाय सरळ, काठीसारखा, पुढे गेला, दक्षिणेला, परीक्षकांच्या टेबलावरून, तिथे ठेवलेल्या सरस्वतीच्या तसबिरीवरून, पश्चिमेच्या टोप्यांवरून, आणि पुन्हा फिरून आला, लहान लहान होत, जिलबीच्या पार आतल्या वेढ्यापर्यंत. सरांनी “बस” म्हणायचं होतं ते विसरून गेले. तिने स्वतःच पाय खाली घेतला.

आणि मग तिने जे केलं ते नियमांत कुठे बसत नव्हतं. ती एका बाजूला वळली आणि हात जमिनीला लावून छातीला लावला. मग दुसऱ्या बाजूला. मग तिसऱ्या, मग चौथ्या. लोकांना वाटलं ते त्यातलंच आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. कॅसेट केव्हाच संपली होती.

“वेळ गेला,” पंडित सर डोक्याला हात लावून म्हणाले. “गुण कापतील.” पण सर हसत होते.

गुण कापले. पहिलं बक्षीस नाशिकच्या मुलीला मिळालं आणि तिचंही काम सुरेख होतं. हर्षूला उत्तेजनार्थ म्हणून प्लास्टिकचा डबा मिळाला. ती तो घेऊन थेट तिसऱ्या रांगेकडे गेली. गर्दी उठत होती, त्यामुळे आता लपायला काही उरलं नव्हतं.

“गुडघा कसा आहे, नाना?”

“बरा शे,” नाना म्हणाले. “गाडीमा बसनू आन् बरा व्हई ग्या.”

“मला कुठे बसलात ते दिसलंच नाही. सगळेच तुम्ही वाटत होते. मग म्हटलं, कुणाकडे करू आणि कुणाकडे नको करू? जाऊ दे म्हटलं.” ती दम खात बोलत होती. “तुम्ही पाहिलं ना?”

“पाह्यलं ना. भलतं भारी. बठ्ठा लोके टाया वाजाडी ऱ्हायंतात.”

“पाय कुठपर्यंत होता?”

नानांनी काठी उचलून हवेत एक उंची दाखवली. गुडघ्याएवढी.

हर्षू त्यांच्याकडे बघत राहिली. मीही बघत राहिले. जळगावहून मागची गाडी धरून, उभ्याने येऊन, दोन जाड माणसांमध्ये तास-दीड तास दबून बसलेला माणूस.

“नाना, डोळे मिटले होते?”

नाना टोपी काढून डोकं खाजवायला लागले. “तू पडशी आशे वाटनं मले. मन्हामुळे. तुन्हा पाय इकडे येवाले लागना, आन् डोया झाकाई ग्यात. मी नही झाकात. आपोआप.”

ती चिडेल असं मला वाटलं. तिने डबा माझ्या हातात दिला, खाली बसली आणि बुटांचे पट्टे पुन्हा आवळायला लागली.

“हर्षला, साडेपाचची गाडी आहे,” पंडित सर म्हणाले.

“हो सर.”

मंडपवाल्यांनी कनाती सोडायला सुरुवात केली होती. चौकाच्या पूर्वेला दोघं जण खुर्च्यांवर खुर्च्या रचत होते. हर्षूने त्यातली एक मागून घेतली, चौकाच्या कडेला अगदी रेघेवर ठेवली आणि नानांना हाताला धरून बसवलं.

“इथून हलायचं नाही. आणि डोळे मिटायचे नाहीत.”

“आन् मिटाई ग्यात ते?”

“मग मी परत करीन. मग ती गाडी चुकेल.”

आता टोप्या नव्हत्या. एकच होती. ती कुठे आहे हे तिला पक्कं माहीत होतं. ती लांब गेली, वळली, वेग घेतला. पाय उचलला, फिरत आली, आणि खुर्ची मागे यायला लागली तसा गुडघा दुमडला. पडली नाही, पाय खाली टेकवला, सावरली. नानांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते, पण डोळे उघडे होते, इतके की पाणी आलं होतं.

“मी देखी ऱ्हायनू,” ते ओरडले. सगळ्या पटांगणाला ऐकू गेलं. खुर्च्या रचणारे थांबले. “मी देखी ऱ्हायनू, तू ये!”

ती पुन्हा लांब गेली. या वेळी तिने नानांकडे एकदाच पाहिलं, मग हनुवटी वर केली. पाय गेला. वळण आलं. खुर्ची तिच्या बाजूला आली, मग तिच्या मागे, आणि तिचा तळवा, चार चाकांसकट, नानांच्या तोंडासमोरून, टोपीपासून हातभर अंतरावरून, सरळ रेषेत, न लवता फिरत गेला. नानांनी मानसुद्धा मागे घेतली नाही.

ती थांबली. नमस्कार केला नाही. धापा टाकत आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

“दिसला?”

“दिसना.” नाना तिच्या बुटांकडे बघत होते. मग कपाळाला आठी घालून म्हणाले, “तुन्हं मांगलं चाक हालस.”

“काय?”

“मांगलं, डावं. नट ढिला शे. समोरथून आज पहिल्यांदा देखं. पाना कोठे शे?”

पंडित सरांनी घाईघाईने पिशवीतून पाना काढून दिला. नानांनी काठी खुर्चीला टेकवली, पुढे वाकून हर्षूचा पाय बुटासकट उचलला आणि धोतरावर, मांडीवर घेतला. तिचा हात लगेच खाली यायला निघाला.

“हालू नको,” नाना म्हणाले आणि नट आवळायला लागले.